लाल रेघेखालचा पाऊस

२८ मे २००६, रविवार

माझ्या हातानं केलेल्या वस्तू, आठवल्या त्या क्रमानं: भातगिरणीच्या चाळण्या, तीन. घराचं पुढचं दार, बिजागऱ्यांसकट. मुलीचा पाळणा. पाचाडच्या एका खानावळीसाठी बिनधुराची चूल (वर्षभर बिनधुराची, पुढे त्यांनी नळी साफ केली नाही, त्याला मी काय करणार). सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात तळापर्यंत थर्मामीटर सोडायची बांबूची नळी. पितळी दांड्याचा एक वजनकाटा, अर्धा ग्रॅम दाखवतो. पोलादपूर-महाडच्या दुकानांतले काटे मी वीस वर्षं दुरुस्त करतो, पण ते यादीत धरत नाही. दुरुस्त करणं वेगळं आणि करणं वेगळं.

आज दुपारी ही यादी एकीनं विचारली तेव्हा मला तीनच वस्तू आठवल्या. ते मनाला लागलं म्हणून इथं पुरी केली. बियाण्याच्या दुकानदारानं दिलेली ही डायरी पाच महिने कोरी पडली होती, ती आजपासून वापरात.

झालं असं. खालच्या गावच्या शाळेत पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉ. अमिता मॅडम दरडींवर बोलायला येणार होत्या. गेल्या जुलैत आपल्या भागात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यावर मी लिहीत नाही. कर्णा शिट्टी मारतो म्हणून मला बोलावणं होतं. डोंगरावरच्या करंजमाळची धनगर मंडळीही उतरून आली होती. त्यांची बावीस घरं बरोबर कड्याच्या पोटाशी आहेत, म्हणजे खरी सभा त्यांच्यासाठीच.

मॅडम दीड तास बोलल्या. पडद्यावर रंगीत नकाशे होते. "भूस्खलनप्रवण उतार", "मृदेची संपृक्तता", "शंभर वर्षांतून एकदा होणारी अतिवृष्टी". बाई मनापासून बोलत होत्या, हे दिसत होतं. समोर बायका पदरानं वारा घेत होत्या. शेवटी "काही शंका?" विचारल्यावर करंजमाळचा कुशाबा ढेबे उठला. वाडीचा म्होरक्या तोच.

"बाय, लय चांगलं बोललात. पन ह्ये भूस्खलन येतं कुठनं? मुंबयकडनं?"

शाळा हसली. मॅडमचा चेहरा पडला.

"आनि शंबर वर्सांतनं येकदा म्हंता, तर त्ये झालं की गेल्या साली. आता नातवाच्या नातवाला सांगा."

मग मला राहवलं नाही. मी कर्ण्यामागून उठलो. म्हटलं, "कुशाबा, तुझ्या कपिल्या शेळीला लागोपाठ दोन साल जुळी झाली ना? पहिल्या साली झाली म्हणून दुसऱ्या साली थांबली का?" मग मॅडमकडे वळलो. "मॅडम, दीड तासात तुम्ही दरड हा शब्द एकदाही उच्चारला नाहीत. मी मोजत होतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं बाई चिडणार. त्यांनी वही काढली आणि माझं वाक्य लिहून घेतलं.

निघताना म्हणाल्या, प्रत्येक वाडीत पाऊस मोजायचं भांडं हवंय, संस्थेकडे दोनच आहेत. मी म्हटलं, मी करतो. त्यांनी विचारलं, "दत्तारामभाऊ, याआधी काय काय केलंय तुम्ही?" तिथं यादी अडली.

४ जून, रविवार

पर्जन्यमापक तयार. चार इंची पीव्हीसी नळकांडं, आतला व्यास १०३ मिलिमीटर, तीन ठिकाणी मोजून. बाजूला पारदर्शक नळी; आत जेवढं पाणी तेवढंच नळीत दिसतं. भिंती सरळ, म्हणून नळीतली उंची म्हणजेच पाऊस, गुणाकार-भागाकार नको. उंची ३५० मिमी. वर वाऱ्यानं पानं पडू नयेत म्हणून जाळी. मॅडमनी फोनवर सांगितलं त्याप्रमाणे तीन पट्टे: शंभरपर्यंत पांढरा, दोनशेपर्यंत पिवळा, आणि दोनशेवर लाल रेघ. एका दिवसात लाल रेघ ओलांडली की घरं सोडायची.

संस्थेचं भांडं आणि माझं शेजारी ठेवून झारीनं पाणी सोडलं. फरक एक मिलिमीटर. चूक कुणाच्या भांड्याची ते अजून ठरायचंय.

१० जून, शनिवार

करंजमाळला भांडं बसवलं. जागा बयाबाईच्या अंगणात, कारण वर आडोसा नाही आणि खालची सगळी पायवाट तिथून दिसते. बयाबाई सत्तरीची, कुशाबाची चुलती. तिला आकडे येत नाहीत, पण रंग येतात, तेवढं पुरे. रोज साडेआठला खालच्या गावात एसटी वळण घेताना हॉर्न देते, तो ऐकून रंग बघायचा, नळीतल्या पाण्याएवढ्या उंचीवर कोळशानं भिंतीवर खूण करायची आणि भांडं ओतून टाकायचं.

तिनं विचारलं, "ह्यात काय ठिवायचं?"

"काही नाही. रिकामं ठेवायचं. पाऊस भरेल."

"रिकामं?"

"रिकामं."

"दारात? रिकामं?"

म्हाताऱ्या माणसांना दोन-तीनदा सांगावं लागतं. मी न चिडता सांगितलं.

१५ जून

पोलादपुरात ७१ मिमी. दोन काटे दुरुस्त केले. बाकी काही नाही.

२६ जून, सोमवार

हात भरून आलेत पण लिहितो, कारण हा दिवस लिहून ठेवण्यासारखा.

भांडं स्वतः तपासायचं म्हणून सकाळीच करंजमाळचा चढ चढलो. सव्वाआठला पोचलो, हॉर्नच्या आधी. नळीत २६२! रेघेच्या वर बासष्ट. पोलादपुरात रात्रीत मोजून ४१ पडला होता. पण डोंगरमाथ्यावर ढग कसा फुटतो ते खाली कळत नाही, हे मॅडमनीच सांगितलं होतं.

एक गोष्ट खरी लिहितो. अंगणात पाय रुतत नव्हता. ते मला जाणवलं होतं. पण नळीत २६२ होतं आणि नळी माझी होती.

मी ओरडून वाडी जमवली. कुशाबा म्हणाला, "आभाळ तर फाटलंय रे, ऊन पडंल." मी म्हटलं, आभाळ आकडा दाखवत नाही. बावीस घरं, शहाण्णव माणसं, गुरं, शेळ्या, कोंबड्या टोपल्यांखाली, सगळी दुपारपर्यंत शाळेत आणली. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "शाब्बास, उद्या येते."

२७ जून, मंगळवार

ऊन.

मॅडम आल्या, डोंगर हिंडून गेल्या. जाताना इतकंच म्हणाल्या, "भांडं एकदा तपासू या, दत्तारामभाऊ." शाळेच्या व्हरांड्यात शेळ्यांनी मुलांचे तक्ते खाल्ले. गुरुजी वैतागले. बाजारात एकानं मला विचारलं, "उतेकर, आज छत्री घेऊ का घर सोडू?"

२८ जून, बुधवार

मंडळी काल संध्याकाळी परत वर गेली. मी आज ओळंबा, पाना, रबरी चकत्या घेऊन गेलो. गळती असेल तर पाणी कमी दाखवेल, जास्त कसं दाखवेल, हे वाटेत उमगेना. या खेपेला पायवाट सोडून मागच्या सोंडेनं चढलो, जवळ पडतं म्हणून. भांड्यापाशी पोचलो तर नळीत ९. बरोबर. पोलादपुरात ११ होता.

तेवढ्यात बयाबाई दारात आली, मला बघून दचकली आणि आत पळाली. बाहेर आली ती दोन हातांत दोन तांबे घेऊन. "थांब थांब, तू कुनीकडनं आलास? दिसला नायस. भरूंदे जरा." आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही तांबे भांड्यात ओतले.

मी विचारलं, परवा पण असंच केलंस?

"मंग? तू येवढा चढ चढून येतोस नि तुला दारात रिकामं भांडं दावू? आमाला काय रीत हाय का नाय?"

मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. मोठ्यानं बोललो, अख्खी वाडी जमली. ती भिंतीला टेकून उभी राहिली, हातात दोन्ही तांबे.

घरी येऊन हिशेब केला. तिचे दोन तांबे म्हणजे माझ्या नळकांड्यात २३६. उरले २६. म्हणजे सोमवारी डोंगरावर पाऊस सव्वीस. भांडं बिनचूक होतं, हे एक समाधान.

३० जून, शुक्रवार

कुशाबा दुकानात आला. भांडं उपटून आणलं होतं. काट्यांच्या शेजारी ठेवलं.

"ह्ये तुजं तुला. म्हातारी दोन दिस जेवली नाय."

मी म्हटलं, चूक तिची होती.

"आसंल. पन पुन्ना दरड येतीय म्हून कुनी सांगाया आलं, तर वाडी हसंल. उतरनार नाय. ह्ये तू केलंस का तिनं, त्ये तूच तुझ्या काट्यात बघ."

२ जुलै, रविवार

आज ज्योतीशी बोललो. म्हणजे बायकोशी. म्हटलं, रिकामं ठेव म्हणून तीनदा सांगितलं तरी ती पाणी ओतते, काय म्हणावं या लोकांना.

ज्योती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही सकाळी कामाला निघता तेव्हा दारात काय असतं?"

"काय असतं?"

"आठवा की. नजर एवढी बारीक तुमची."

मला आठवेना. तिनं सांगितलं. भरलेली कळशी. चोवीस वर्षं, रोज, मी निघायच्या आधी ती भरून उंबऱ्याच्या डाव्या बाजूला ठेवते. बाहेर पडणाऱ्या माणसाच्या नजरेला रिकामं पडू नये म्हणून. मला वाटायचं, पाणी भरायची तिची तीच वेळ.

"परवा रागानं निघालात तेव्हाही होती. पाय लागला तुमचा. सगळी सांडलीत, मागं वळून पाहिलंही नाहीत."

अर्धा ग्रॅम ओळखणारा माणूस मी. चोवीस वर्षं, लीप वर्षं धरून आठ हजार सातशे सहासष्ट सकाळी. इतकंच लिहितो.

४ जुलै, मंगळवार

पुढच्या पायवाटेनं चढलो, मुद्दाम, दिसावं म्हणून. बयाबाई अंगणात होती. मी पाया पडलो. ती म्हणाली, "ऊठ, चिखुल लागंल." आत गेली आणि तांब्या भरून आणला, प्यायला. मी सगळा प्यालो.

मग भांडं पुन्हा बसवलं आणि त्याच्या कडेला लोखंडी कडं जोडलं. म्हटलं, या कड्यात तू भरलेला तांब्या ठेवायचा. येणाऱ्यानं आधी तो बघायचा. माझं नळकांडं भांडं नव्हे, नुसती पट्टी आहे, पट्टीला रिकामं-भरलं नसतं.

"ह्ये आदी सांगाचंस की मेल्या," ती म्हणाली.

एकाच वाक्यात चूक कुणाची ते ठरलं. बरं वाटलं.

९ जुलै, रविवार

मॅडम आल्या. मी त्यांना तांब्याची हकिकत घाबरतच सांगितली. वाटलं होतं हसतील. त्या शाळेच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण त्यांना काय करायचं ते सांगितलं, त्या काय करतात ते विचारलंच नाही." "आपण" म्हणाल्या. त्यांचा काय दोष होता?

वर गेलो. मी नकाशे पाठीवर घेतले होते. ते बाहेर निघालेच नाहीत. मॅडम बयाबाईबरोबर टाकळ्याची भाजी खुडत बसल्या. तीन तास! मी दोनदा घड्याळ दाखवलं. गप्पा कसल्या, तर म्हशी, सुना, पाणी कुठून आणता. घरामागं कड्याच्या बुडाशी उपळ आहे. पावसाळ्यात जमिनीतून आपोआप फुटणारं पाणी. वाडी तेच पिते. मॅडमनी विचारलं, "आजी, ही कधी बिघडते का?"

"बिगडती की. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या साली बिगडली. पानी तांबडं आलं, मंग बारीक झालं, नि पाऊस तर धो धो. माझी सासू म्हनली, उपळीनं पान्हा चोरला. म्हशीच्या पोटात दुखनं आसलं का ती पान्हा चोरती, दूध सोडीत नाय, तसं. डोंगराच्या पोटात दुखनं हाय म्हनली. आमी गुरं सोडून पळालो. तिसऱ्या दिशी पल्याडची सोंड बसली."

"बसली म्हणजे?"

"बसली. खाली आली. तुमी दरड म्हंता ती."

मॅडम भाजी खुडायच्या थांबल्या. हळू आवाजात मला म्हणाल्या, "दत्तारामभाऊ, माती हलायला लागली की पाण्याबरोबर गाळ येतो. आतल्या वाटा दबल्या की बाहेरचं पाणी कमी होतं आणि आत साठतं. हे सांगायला मला अकरा चित्रं लागली होती."

आज मॅडमचा वेळ फुकट गेला असं मी दुपारी समजत होतो. उतरताना त्यांच्या वहीची चौदा पानं भरलेली दिसली.

१८ जुलै

८८ मिमी. बयाबाईच्या खुणा बरोबर: पांढरा. तिनं खुणेशेजारी आणखी एक टिंब काढलंय. विचारलं तर म्हणाली, उपळ निवळ हाय त्याचं. मी सांगितलं नव्हतं.

२३ जुलै, रविवार

आज दोन वाड्यांवर सभा. पडदा नाही, कर्णा नाही, त्यामुळे माझंही काम नव्हतं, तरी गेलो; बयाबाईही बरोबर होती. मॅडम बारा मिनिटं बोलल्या. दरड नऊ वेळा, पान्हा सहा वेळा, संपृक्तता शून्य. एका ठिकाणी त्या "उपळीचं पाणी गढूळ झालं" म्हणाल्या, तर मागून बयाबाई ओरडली, "गडूळ नाय गो, तांबडं! गडूळ त्ये म्हशी बसल्या तरी व्हतं." लोक हसले, मॅडमही हसल्या आणि वाक्य सुधारून पुन्हा बोलल्या. तेव्हापासून माणसं विचारायला लागली. माझ्या घरामागं आहे ती कसली, विहिरीचं धरायचं का, रात्री कसं दिसणार. दोन तास हलेनात.

मला कुणी काही विचारलं नाही. भांड्याबद्दल एकच प्रश्न आला, तोही जाळीचा. थोडं लागलं, लपवत नाही.

४ ऑगस्ट, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. रात्रभर शाळेतच होतो.

सोमवारपासून पाऊस उघडला नव्हता. काल सकाळी मी कुणी न सांगता करंजमाळला निघालो. एसटी बंद, म्हणून हॉर्न नाही. माझ्या घड्याळाप्रमाणे साडेआठला भांडं बघितलं. १६३. पिवळा. आधी कड्यातला तांब्या बघितला होता, भरलेला होता.

बयाबाई घरामागून आली, इरलं डोक्यावर. "दत्ताराम, पान्हा चोरला रे." जाऊन बघितलं. उपळ करंगळीएवढी वाहत होती, तांबडी, भाजलेल्या विटेसारखी. वर पाऊस धबाधबा. माझ्या हातात पट्टी होती, मोजायला काही नव्हतं.

वाडी जमली. मी म्हटलं, "१६३ आहे. रेघेला अजून सदतीस बाकी."

बयाबाई म्हणाली, "तुजी रेग तू आखलीस. ही मी आखली नाय."

कुशाबा माझ्याकडे बघत राहिला. "तू सांग. गेल्या टायमाला तुझ्या तोंडावर उतरलो नि हसं झालं. आज तुझं भांडं नको म्हंतंय. उतरायचं का नाय?"

मला काय वाटत होतं ते लिहितो. फोन बंद, मॅडम पुण्यात. उतरलो आणि काही झालं नाही, तर ही वाडी पुन्हा कुणाच्याही सांगण्यावरून उतरणार नाही, पुढच्या साली नाही, कधीच नाही. आणि नाही उतरलो आणि झालं, तर. भांडं मी केलेलं. आजवर त्यानं एकदाही खोटं दाखवलेलं नाही. त्याच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे माझ्याच काट्यात खोट आहे म्हणायचं. मी पुन्हा उपळीपर्यंत जाऊन आलो, चार मिनिटं. घड्याळ हातात होतं म्हणून माहीत आहे.

मग म्हटलं, "माझ्या भांड्यात निघण्याएवढा पाऊस नाही. पण बयाबाई सांगते आहे. निघायचं."

कुणी हसलं नाही. कुशाबानं गोठ्याची दावी सोडायला सुरुवात केली. सगळं बारा चाळीसला शाळेत. शहाण्णव माणसं, एक पंधरा दिवसांचं बाळ धरून सत्त्याण्णव; मी दारात उभा राहून दोनदा मोजली. मुंबईहून आलेला एक जण म्हणत होता, "काका, फिर से?" त्याच्या आईनं त्याला गप्प केलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी आवाज आला. गडगडाट नव्हे, ट्रक खडी ओततो तसा, पण थांबेचना. पाऊस उघडल्यावर दिसलं: कड्याचं तांबडं पोट उघडं पडलंय आणि नऊ घरं नाहीत. बयाबाईचं पहिलं. उपळही नाही. भांडंही नाही.

बयाबाई व्हरांड्यात बसली होती. म्हणाली, "तांब्या ऱ्हायला रे कड्यात. भरलेला."

सत्त्याण्णव. आज सकाळी पुन्हा मोजली.

६ ऑगस्ट, रविवार

शाळेत भात, आमटी. ज्योती दोन दिवस तिथंच आहे. आज सकाळी मी घरातून निघताना दारात कळशी नव्हती, ती घरी नव्हती म्हणून. मी स्वतः भरली, ठेवली आणि बघून निघालो. ती शाळेत भेटली तेव्हा सांगितलं. म्हणाली, "अर्धी भरलीत की पूर्ण?" पूर्ण. "मग ठीक."

२० ऑगस्ट, रविवार

मॅडम अहवाल घेऊन आल्या. म्हणाल्या, छापायच्या आधी तुम्हाला आणि आजींना वाचून दाखवायचा आहे. असं कुणी करतं हे मला माहीत नव्हतं. शाळेच्या पायरीवर बसून वाचला. बयाबाई ढेबे यांचं नाव चार ठिकाणी, पान्हा शब्द तसाच, अर्थासकट. माझं नाव दोन ठिकाणी. एक शुद्धलेखनाची चूक होती, मी काढून दिली.

भांड्याचा भाग आला तेव्हा त्या थांबल्या. मी म्हटलं, "लिहा जसं आहे तसं. १६३ होता, रेघ २०० वर होती, भांड्यानं इशारा दिला नाही."

त्या म्हणाल्या, "भांड्यानं बरोबरच दाखवलं, दत्तारामभाऊ. रेघ मी सांगितली होती, तुम्ही फक्त आखली. एका दिवसाचा पाऊस धरला, तीन दिवसांचा धरायला हवा होता. ती चूक माझ्या नावावर लिहिली आहे, हे बघा." आणि खरंच लिहिली होती, पान सात, शिक्षण आणि हुद्द्यासकट सही करून.

तीन दिवसांचा पाऊस ४११ होता. बयाबाईच्या भिंतीवरच्या खुणा मी त्या सकाळी मोजून वहीत उतरवून घेतल्या होत्या म्हणून निघाला. भिंत आता नाही.

बयाबाईनं सगळं ऐकून विचारलं, "माझं नाव छापलंय त्ये पुन्यात वाचत्याल?"

"वाचतील, आजी."

"मंग त्यात ल्ह्या, म्हातारीला घर पायजे."

मॅडमनी तेही लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी तहसीलदारांकडे बयाबाईला स्वतः नेणार आहेत, मला बरोबर बोलावलंय.

आजवर कुणाचे आभार मानायची वेळ आली की मी वस्तू करून द्यायचो, तोंडानं म्हणायचं जमत नसे. आज पायरीवरच मॅडमना म्हणालो, "तुम्ही त्या दिवशी माझं वाक्य लिहून घेतलंत, त्याबद्दल आभार." त्यांना आधी कळलंच नाही कुठलं वाक्य.

३ सप्टेंबर, रविवार

दुकानात एक गृहस्थ आले, मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीकडून. वर्तमानपत्रातली बातमी वाचली म्हणाले. चांगला माणूस, चप्पल बाहेर काढून आत आला, माझा पितळी काटा हातात घेऊन बराच वेळ बघत होता. भांड्याचा नमुना हवा होता. माझ्याच नावानं काढतो म्हणाला, खोक्यावर माझा फोटो आणि खाली ओळ: "या यंत्रानं करंजमाळच्या सत्त्याण्णव माणसांचे प्राण वाचवले."

मी म्हटलं, नमुना फुकट घ्या, व्यास १०३ ठेवा, जाळी विसरू नका. ओळ मात्र काढा. यंत्र १६३ दाखवत होतं.

तो म्हणाला, "उतेकरसाहेब, खोक्यावर एवढं कोण बघतो? आणि खरं सांगू, पैसे ओळीचेच आहेत."

मी विचार केला तो असा. उद्या एखादी वाडी ते खोकं वाचेल, भांडं अंगणात लावेल, पिवळा पट्टा बघून घरात बसून राहील आणि मागं उपळ तांबडी होईल. त्या वाडीत बयाबाई असेलच असं नाही. असली तरी खोक्यावरच्या छापील ओळीपुढं तिचं कोण ऐकेल?

ज्योती आतून ऐकत होती. चहा घेऊन आली आणि फक्त एवढं म्हणाली, "आधी चहा घ्या दोघं, मग नाही म्हणा."

चहा घेतला. नाही म्हटलं. त्यानं चेक आधीच लिहून आणला होता, तो परत करताना आकडा वाचला, अक्षरी आणि अंकी दोन्ही जुळत होते: ऐंशी हजार रुपये फक्त.